शेवटची पाने नसलेली कादंबरी



आपल्या अंकात सणांची माहिती येते, हलव्याची कृती येते, कोणाचे लग्न झाले, कोण देवाघरी गेले हे कळते. पण प्रेमाच्या कादंबऱ्यांविषयी आजवर कोणी लिहिले नाही. वाचल्या सगळ्यांनी, कबूल कोणी करायचे, हा प्रश्न! तेव्हा आम्ही दोघी बहिणीच कबूल करून टाकतो. बोलणारी ताई, लिहिणारी धाकटी. दोघींचे वय मिळून एकशेसाठ आहे, त्यामुळे आता आम्हाला कोणी रागावणार नाही.

आम्ही मूळच्या ठाण्याच्या. टेंभी नाक्याच्या आपल्या सिनेगॉगपासून घर चालत पाच मिनिटांवर. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालापासूनचे. त्याची वर्गणी पापा भरायचे, पण तिथून इतिहासाची नि चरित्रांची पुस्तके घरी यायची. प्रेमाच्या कादंबऱ्या यायच्या दुसऱ्या ठिकाणाहून. शिंप्याच्या दुकानाशेजारी एका फळकुटावर मांडलेली खाजगी लायब्ररी होती. बालमित्रांनो, तेव्हा पुस्तक विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. दुकानदाराकडे अनामत ठेवायची, पुस्तक न्यायचे आणि दर दिवसाला एक आणा द्यायचा. पुढे १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा तो सहा नवे पैसे घेऊ लागला. दिवसाचे भाडे असल्यामुळे वाचण्याची घाई असायची. ताई रात्री कंदिलाशी बसून वाचायची आणि सकाळी पाणी भरताना धाकटीला गोष्ट सांगायची. म्हणजे एका आण्यात दोघी!

त्या पुस्तकांवर ना. सी. फडक्यांचे राज्य होते. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, पण त्यांच्या कादंबऱ्या वाचताना मास्तर समोर उभा आहे असे कधी वाटले नाही. त्यांची पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' १९१७ सालची, मेरी कोरेली या इंग्रज बाईच्या कादंबरीवरून घेतलेली. पुढची 'जादूगार', 'दौलत' ही त्यांची स्वतःची. त्यातली माणसे आमच्या ओळखीची नव्हती. नायक टेनिस खेळतो, नायिका कॉलेजात जाते, कोणाकडे तरी मोटार असते आणि नेमक्या वेळी ती बंद पडते. स्वयंपाक कोण करतो, भांडी कोण घासतो, ते शेवटपर्यंत कळत नाही. आम्ही त्या वेळी चाळीच्या नळावर नंबर लावून उभ्या असायचो. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, आम्हाला ती पुस्तके आवडायची.

धाकटी अजून फडक्यांच्या बाजूची आहे. ताई खांडेकरांची. फडके म्हणायचे कला कलेसाठी, खांडेकर म्हणायचे कला जीवनासाठी, आणि त्या वादावर त्या काळी शिकलेली माणसे तावातावाने भांडायची. आम्हीही भांडायचो, वेणी घालता घालता. धाकटीचे म्हणणे असे, की खांडेकरांची माणसे बोलायला लागली की भिंतीवर लावायचे सुविचार बोलतात. ताई म्हणते, "अगं, पण त्यांना दुसऱ्याचं दुःख दिसतं. तुझ्या फडक्यांना साडीचा रंग दिसतो." शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केलेला तो माणूस, 'ययाति'साठी १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळवणारा. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. ताईला हे अलीकडे कळले, तेव्हापासून तिने त्यांच्यावर टीका करायची बंदीच घातली आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आणि चंद्रकांत काकोडकर. हे नाव आमच्या घरात मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. काकोडकरांचे पुस्तक भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे असते, हे आम्हाला मैत्रिणींनी शिकवले. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. गंमत अशी, की त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा 'दो रास्ते' हा राजेश खन्नाचा सिनेमा आला, आणि तो लोकांनी सहकुटुंब पाहिला. आम्ही 'श्यामा' वाचली ती फार उशिरा, मुले मोठी झाल्यावर. वाचून झाल्यावर ताई म्हणाली, "एवढ्यासाठी कोर्टात नेलं बिचाऱ्याला?"

एक गोष्ट मात्र आम्हाला तेव्हाही खटकायची. त्या शेकडो पुस्तकांत आपल्यासारखे कोणीच नव्हते. ब्राह्मण होते, सारस्वत होते, मराठे होते, मधूनच एखादी ख्रिस्ती नर्स असायची. पण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणारी, शनवार पाळणारी, मराठी बोलणारी नायिका एकाही पुस्तकात सापडली नाही. मग आम्हीच ती करायचो. सुशीलेचे नाव शूलामिथ ठेवायचे, दिनकरचे दानिएल, आणि लग्न लागायचे टेंभी नाक्यावर. शेवटच्या प्रकरणात नायकाच्या आईने केलेल्या शिऱ्याच्या जागी आम्ही मलिदा ठेवायचो.

बालमित्रांनो, तुमच्याकडे म्हणजे हिब्रूत मात्र प्रेमकथा आपल्या मराठीच्या आधी आली बरं का. तेल अवीवमध्ये ज्यांच्या नावाचा मापू रस्ता आहे त्या अव्राहाम मापूंनी 'अहवात त्सियोन' लिहिली १८५३ साली. हिब्रूतली ही पहिली कादंबरी, आणि ती आहे अम्नोन आणि तामार यांची प्रेमकथा. लेखक लिथुआनियात, घरी हिब्रू बोलणारे कोणी नाही, गोष्ट मात्र यशया संदेष्ट्याच्या काळातल्या यरुशलेमची. मराठीतली 'मुक्तामाला' आली त्यानंतर आठ वर्षांनी, १८६१ साली. याकोब आणि राहेल यांची गोष्ट तर त्याहून कितीतरी जुनी, ती तुम्हाला ठाऊकच आहे. ताईचे म्हणणे, त्या गोष्टीत खरी कादंबरी लेआची आहे, पण तिच्या बाजूने कोणी लिहिली नाही.

आता आमच्या स्वतःच्या पुस्तकाकडे वळतो.

१९६३ साली आम्ही इस्राएलला आलो. ताई वीस वर्षांची, धाकटी सोळाची. सामान बांधताना पापांनी बजावले होते, कामाचे तेवढेच घ्यायचे. आईने पाटा-वरवंटा घेतला, कारण तो कामाचा. आम्ही वळकटीत गाद्यांच्या मधे चौदा कादंबऱ्या घातल्या. दिमोनाच्या घरात वळकटी सोडली तेव्हा त्या बाहेर पडल्या. पापा काही बोलले नाहीत. त्या घरात दोन खाटा, एक टेबल आणि बाहेर वाळू, एवढेच होते. थोड्या दिवसांनी पापाच म्हणाले, "त्यातलं एखादं वाचा बघू मोठ्यानं." धाकटीने वाचायला घेतले. त्यात मुसळधार पावसाची रात्र होती, नायिका पागोळ्यांखाली उभी होती. आई रडायला लागली. आम्हाला वाटले नायिकेसाठी रडते. ती म्हणाली, "मेला पाऊस बघून किती दिवस झाले गं."

त्या चौदांपैकी आता पाच उरल्या आहेत. काही मागून नेलेल्या परत आल्या नाहीत, काहींना वाळवी लागली. उरलेल्यांतली एक अशी आहे, की तिचे कव्हर नाही, नावाचे पान नाही, लेखक कोण हे आम्हाला माहीत नाही आणि शेवटची पानेही नाहीत. ठाण्याहून निघतानाच ती तशी होती. लायब्ररीवाल्याने रद्दीत काढलेली म्हणून आम्हाला चार आण्याला दिली होती. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्मचे असते. तेरा फॉर्म शाबूत आहेत, म्हणजे पान २०८ पर्यंत. पुढे काही नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. नायिका पुण्याच्या एका शाळेत शिक्षिका आहे. नायक ओव्हरसियर, धरणाच्या कामावर लांब जातो. जाताना सांगतो, जागा कायम झाली की पत्र लिहीन, मग लग्न. तो पत्र लिहितो, पण नायिकेचा मामेभाऊ ते पितळी डब्यात लपवून ठेवतो. नायिका वाट बघते. एकदा लोणावळ्याच्या स्टेशनावर तिला नायक दुसऱ्या एका बाईबरोबर दिसतो. ती खरे तर त्याची बहीण! पण नायिका विचारत नाही. ती मान वळवते आणि दुसऱ्या दिवशी क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये सेविका होण्यासाठी निघून जाते. पान २०८ वर ती एका प्लॅटफॉर्मवर उभी आहे, गाडी येते आहे, खिडकीत कोणीतरी आहे, आणि तिथे वाक्यच अर्धे तुटते.

हे पुस्तक आम्ही किती वेळा वाचले असेल, सांगता येत नाही. आता जे सांगणार आहोत ते ताईच्या परवानगीने.

ठाण्याहून निघण्याआधी ताईचे एके ठिकाणी बोलणे झाले होते. मुलगा आपल्यातलाच, रेल्वेत नोकरीला. तो वर्षभरात येणार, मग इथेच लग्न करायचे, असे ठरले होते. पहिले वर्षभर निळी एरोग्राम येत राहिली. ते दिवस कसे होते हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपल्या लोकांच्या लग्नांबाबत १९६२ साली ज्या सूचना निघाल्या, पूर्वजांची चौकशी करण्याच्या, त्यावरून केवढे रण माजले होते. आपली माणसे यरुशलेमला जाऊन बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने स्पष्ट सांगितले, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहूदी आहेत. पण या सगळ्या बातम्या ठाण्याला पोचत होत्या, आणि तिथल्या घराघरांत 'आत्ता नको, थांबू या' असे चालले होते. त्या मुलाच्या घरीही तेच झाले असेल. असेल म्हणायचे, कारण आम्हाला नक्की कधीच कळले नाही. त्या वर्षी नव्याच्या सणाला त्याचे पत्र आले नाही. त्यानंतरही आले नाही.

ताई वाट बघत राहिली. एक वर्ष, दोन वर्षे. तिने उलट पत्र लिहून विचारले नाही. आणि धाकटीने, सतरा-अठरा वर्षांच्या धाकटीने, तिला काय सांगावे? "ताई, पत्र कुठेतरी अडकलं असेल. बघ तू, शेवटच्या प्रकरणात येतोच तो." हे आम्ही दोघी खरे मानत होतो. पन्नास-साठ कादंबऱ्या वाचल्या होत्या, एकीतही नायक परत आला नाही असे झाले नव्हते. आणि एकीतही नायिकेने आपणहून विचारले नव्हते. विचारले तर ती हलकी ठरते, हे आम्हाला कोणी तोंडाने शिकवले नव्हते. पुस्तकांतून ते आपोआप अंगात मुरले होते.

१९६६ साली ठाण्याहून एक कुटुंब आले, आईसाठी पोह्यांची पिशवी घेऊन. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघाले, की त्या मुलाचे लग्न होऊन वर्ष झाले. ताई उठून आत गेली आणि तिने त्या पोह्यांतले खडे निवडायला घेतले. पोहे स्वच्छ होते.

पुढे १९६७ साली, युद्ध संपल्यावर, ताईचे लग्न झाले. भावजी अलिबागकडचे, इथे कापडगिरणीत कामाला. फडक्यांच्या मापाने मोजले तर नायक होण्यासारखे त्यांच्यात काही नव्हते. टेनिस तर सोडाच, सायकलही येत नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात प्रेमाचा एक शब्द त्यांनी उच्चारला असेल तर तो आम्ही ऐकलेला नाही. पण ताईची नजर कमी व्हायला लागली, डॉक्टर म्हणाले की मधल्या भागातले दिसणे जाते, कडेचे तेवढे राहते, तेव्हा भावजी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवू लागले. आधी आलेली पत्रे, मग आपला अंक, आणि एक दिवस स्वतःच उठून ती कव्हर नसलेली कादंबरी घेऊन बसले. आवाज असा, जणू विजेचे बिल वाचताहेत. नायक-नायिका जवळ आले की खोकायचे आणि पान उलटायचे. ताई म्हणायची, "अहो, मधलं गाळलंत." ते म्हणायचे, "तुला पाठ आहे ना?" तिला पाठ होतेच. २०११ साली ते गेले. पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले त्यांचे बसचे तिकीट आम्ही तिथेच राहू दिले आहे. तेव्हापासून वाचायचे काम धाकटीकडे आले.

धाकटीचे या पुस्तकांशी वेगळे नाते आहे, तेही सांगायला हवे, नाहीतर वाचकांना वाटेल आम्ही नुसत्या तक्रारी करतो. तिला हिब्रू आली ती प्रेमकथांमुळे. उल्पानमध्ये अक्षरे शिकली, पण मात्रा-खुणा नसलेली हिब्रू वाचायची म्हणजे डोके फुटायची पाळी. मग किऑस्कवर मिळणाऱ्या स्वस्त प्रेमकथा तिने आणायला सुरुवात केली. त्यात पुढे काय होणार हे आधीच ठाऊक. नायक दारात उभा आहे, नायिकेचे डोळे कशाने भरणार? अश्रूंनीच ना! झाला शब्द पाठ. लोक नाक मुरडून म्हणतात, या सगळ्या गोष्टी सारख्याच. अहो, सारख्या होत्या म्हणून तर धाकटीला परकी भाषा आली. पुढे मिल्स अँड बूनची पुस्तके वाचून तिने इंग्रजीही अशीच सुधारून घेतली. ही लंडनची कंपनी १९०८ सालची, १९७१ साली कॅनडाच्या हार्लेक्विनने ती घेतली. त्यातले नायक फारच श्रीमंत आणि फारच उद्धट. ताईला एकही आवडला नाही.

आता गेल्या सुट्टीतली गोष्ट. ताईची नात बारा वर्षांची आहे. तिला मराठी समजते, थोडीफार बोलते, पण देवनागरी वाचता येत नाही. आमचे वाचन चालू असताना ती शेजारी मोबाईल घेऊन बसली होती. लोणावळ्याच्या स्टेशनाचा प्रसंग आला आणि तिने मोबाईल खाली ठेवला.

"आजी, ती त्याला फोन का नाही करत?"

"तेव्हा फोन नव्हते गं घरोघरी."

"मग तिथंच विचारायचं ना! तो समोर उभा आहे."

धाकटी म्हणाली, "तेव्हा मुली असं विचारत नसत." नातीने दोघींकडे पाहिले आणि ताईला विचारले, "तू विचारलं असतंस?"

घरात ही गोष्ट मुलांना कोणी सांगितलेली नव्हती. धाकटीला वाटले ताई विषय बदलेल, चहा टाक म्हणेल. ताई म्हणाली, "नाही विचारलं. विचारायला हवं होतं. दोन वर्षं फुकट गेली माझी." मग तिने नातीला सगळे सांगितले, सावकाश, मराठीत, अडेल तिथे हिब्रूत. पोह्यांचेसुद्धा सांगितले.

नातीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग त्याचं पत्र कोणी लपवलं होतं?"

"कोणी नाही. माझ्या गोष्टीत मामेभाऊ नव्हता. त्यानं लिहिलंच नव्हतं."

धाकटीने त्या दिवशी पुढे वाचले नाही. रात्री तिने ताईला विचारले, की शेवटच्या प्रकरणात येतोच तो, असे मीच तुला सांगत होते, त्याचा तुला राग येतो का. ताई म्हणाली, "तू सांगत होतीस म्हणून ती दोन वर्षं निघाली तरी. नाहीतर त्या वाळूत काय होतं?" थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या लेखकाचा येतो."

दुसऱ्या दिवशी नातीने पान २०९ स्वतः रचले. तिच्या गोष्टीत नायिका गाडीत चढते, खिडकीतल्या माणसाला सरळ विचारते, तू पत्र का नाही लिहिलंस, आणि त्याचे उत्तर पटले नाही म्हणून पुढच्या स्टेशनावर उतरते. मग ती सॅनिटोरियममध्येही जात नाही, पुण्याला परत येऊन शाळेत शिकवते. लग्न झाले का, असे आम्ही विचारले. नात म्हणाली, ते अजून ठरवलेले नाही. धाकटीचा शेवट अर्थात वेगळा आहे: पितळी डबा सापडतो आणि लग्न होते. ताईने तिचा शेवट अजून सांगितलेला नाही. तिला खरा शेवट ऐकायचा आहे.

म्हणून ही विनंती. शिक्षिका, ओव्हरसियर, मामेभाऊ, पितळी डबा, लोणावळा स्टेशन आणि सॅनिटोरियम असलेली कादंबरी कोणाच्या घरी असेल किंवा कोणी वाचलेली आठवत असेल, तर संपादकांकडे कळवावे. अश्दोद, लोद, रामले, बेर शेवा इथल्या जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. भारतातल्या नातेवाइकांनाही विचारावे. पान २०९ पासून पुढच्या पानांची झेरॉक्स पाठवल्यास तिचा आणि पोस्टाचा खर्च आम्ही देऊ. नात म्हणते, झेरॉक्स कशाला, फोनवर फोटो काढून पाठवा, मी आजीला मोठा करून दाखवीन.